आधी पाण्याजवळ जा, नौका नंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकातील करिअर मार्गदर्शनाच्या सदरात नागपूरच्या एका पंचवीस वर्षांच्या यंत्र अभियंत्याचा प्रश्न छापून आला होता. तो बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, त्याचे बालपण अंबाझरी तलावाच्या परिसरात गेले आणि आपल्या मालकीची एक शिडाची नौका असावी, असे त्याला शाळेत असल्यापासून वाटते. त्यासाठी आता कोणते क्षेत्र निवडावे, एवढेच त्याने विचारले होते. त्याला मिळालेले उत्तर असे की, त्याने संगणक क्षेत्राकडे वळावे, जमल्यास परदेशी जावे, वीस-पंचवीस वर्षे भरपूर कमवावे आणि मग पन्नाशीत ही हौस पुरवावी. उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे आणि आपल्याकडे घरोघरी वडीलधारी मंडळी हाच सल्ला देतील, हेही मला ठाऊक आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, असे मला मनापासून वाटते. मी स्वतः नेमके तेच केले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नागपूरचाच. यंत्र अभियांत्रिकीची पदवी येथे घेतली, मुंबईच्या गोदीत प्रशिक्षण घेतले आणि २२ वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काम केले. हाती पैसा बरा आला, तेव्हा १९९८ मध्ये दोन मित्रांबरोबर भागीदारीत मी २४ फुटांची, फायबरची, लहान डिझेल इंजिन बसवलेली एक जुनी शिडाची नौका विकत घेतली. ती रायगड जिल्ह्यातील एका खाडीत नांगरलेली असे आणि माझे घर, आई-वडील, मुलांच्या शाळा सारे नागपुरात. जहाजावरून सुट्टीवर आलो की विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ८३७ किलोमीटरवरच्या मुंबईला उतरायचे, गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडायची, पुढे बस, त्यापुढे रिक्षा आणि शेवटी एखाद्या ओळखीच्या कोळी बांधवाच्या होडीतून नौकेपर्यंत जायचे. नौकेवर पाय ठेवेपर्यंत घर सोडून वीस तास होऊन गेलेले असत. त्या सात वर्षांची नोंदवही माझ्याजवळ आहे. तीत एकूण ५८ दिवसांच्या नोंदी असून शिडे उभारून प्रत्यक्ष समुद्रावर काढलेले दिवस त्यांपैकी केवळ १९ आहेत. उरलेले दिवस दुरुस्तीत, सुट्या भागांच्या शोधात आणि भरतीची वाट पाहण्यात गेले.

त्यातील एक दिवस सविस्तर सांगतो, कारण त्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. २००१ च्या मार्चमध्ये आम्ही तिघे ओहोटी सुरू होता होता खाडीतून बाहेर पडत होतो. वारा पडलेला होता, म्हणून इंजिन चालू केले. दहा मिनिटांतच धुराच्या नळीतून पांढरी वाफ येऊ लागली आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन बंद केले, नांगर टाकेपर्यंत नौका वाहत जाऊन चिखलाच्या पट्टीवर टेकली आणि पाणी उतरत गेले तशी एका कुशीवर कलंडत गेली. पुढची भरती येईपर्यंत आता तेथेच बसणे भाग होते. समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबराचे एक लहानसे चक्र असते, तळहातावर मावेल एवढे. त्याची पाती पंपाच्या भिंतीला टेकून एका बाजूला वाकलेली असतात. इंजिन महिनोनमहिने बंद राहिले की ती पाती त्याच वाकल्या अवस्थेत ताठर होतात आणि पुन्हा फिरवताच मुळापासून तुटतात. आम्ही पंप उघडला तेव्हा सहापैकी तीन पाती जागेवर नव्हती. शेजारून जाणाऱ्या होडीचा तांडेल, म्हणजे तिचा प्रमुख, चिखलातून चालत मदतीला आला. त्याने पंपाकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, मशीन शेवटचं कधी चालवलं होतं?" मला सांगावे लागले की, दसऱ्याला. तुटलेले तुकडे पुढच्या नळीत अडकलेले असतात आणि ते शोधून काढल्याशिवाय नवे चक्र बसवून उपयोग नसतो, ही गोष्ट मी जहाजावर हाताखालच्या मुलांना शिकवत असे. ज्ञान मला होते, सुटे भाग घेण्याइतके पैसेही होते. दर आठवड्याला येऊन ते इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवणे तेवढे मला शक्य नव्हते, कारण मी तेथे राहत नव्हतो.

नौकेचे असे असते. मोटार गॅरेजमध्ये उभी करून वर्षभर विसरता येते, पण खाऱ्या पाण्यातील नौका एक दिवसही स्वस्थ राहत नाही. तळाला टणक कवचाचे जीव चिकटू लागतात आणि विशेष रंगाचा थर दरवर्षी दिला नाही तर तिचा वेग उघड कमी होतो. खाऱ्या पाण्यात पितळ, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया चालू असते, म्हणून त्यांच्या जागी झिजण्यासाठी जस्ताचे ठोकळे लावावे लागतात आणि ते संपण्याआधी बदलावे लागतात. तळातून आत येणाऱ्या नळ्यांच्या तोट्या वरचेवर फिरवल्या नाहीत तर त्या जाम होतात, आणि ज्या दिवशी त्या बंद करण्याची खरी गरज असते त्या दिवशी त्या हलत नाहीत. पावसाळ्याआधी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, हे दरवर्षीचे काम आहेच. नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागते, असा जगभरच्या नौकाधारकांचा ढोबळ हिशेब आहे आणि माझ्या अनुभवात तो कमीच पडला. परंतु हा हिशेब मजुरी देऊन काम करून घेणाऱ्याचा आहे. जो स्वतः पान्हा हातात घेतो आणि नौकेपासून अर्ध्या तासावर राहतो, त्याचा खर्च त्याच्या निम्म्यावर येतो, हे मी खाडीकाठच्या लोकांकडे पाहून खात्रीने सांगू शकतो.

म्हणून त्या तरुणाला माझे सांगणे असे की, नौकेसाठी लागणारी गोष्ट मोठा पगार ही नव्हे. पाण्याची जवळीक, मोकळा वेळ आणि कामाला सरावलेले हात या तीन गोष्टी ज्या नोकरीत मिळतील, ती नोकरी त्याने पंचविशीतच शोधावी. परदेशातील किंवा बंगळुरूतील लठ्ठ पगाराची नोकरी पैसा देईल, पण या तिन्ही गोष्टी त्याच्यापासून दूर नेईल. शिवाय शिडाची नौका चालवणे हे पोहण्यासारखे किंवा तबल्यासारखे अंगात मुरणारे काम आहे. ते पन्नाशीत प्रथमच शिकायला घेणे अशक्य नसले तरी फार अवघड जाते.

यंत्र अभियंत्याला सर्वांत सरळ वाटणारा मार्ग व्यापारी जहाजांचा आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेला एक वर्षाचा सागरी अभियांत्रिकीचा पदव्युत्तर प्रशिक्षणक्रम असतो. तो पूर्ण करून, समुद्रावरील ठरावीक सेवा झाल्यावर चतुर्थ वर्गाची सक्षमता परीक्षा देता येते आणि पुढे द्वितीय व प्रथम वर्ग पार करीत चीफ इंजिनिअरपर्यंत जाता येते. त्याच्या मित्रमंडळींपैकी कोणी विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे असतील, तर त्यांच्यासाठी जहाजावरची विद्युत यंत्रणा सांभाळणाऱ्या इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा सुमारे चार महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. वयाची आणि दृष्टीची अट कडक असते, त्यामुळे निर्णय लांबवून चालत नाही. येथे एक सावधगिरीची सूचना केल्याशिवाय मला राहवत नाही. "जहाजावर लावून देतो" म्हणून पैसे मागणारे दलाल विदर्भातील मुलांना अजूनही फसवत आहेत. महासंचालनालयाच्या परवान्याशिवाय खलाशांची भरती करता येत नाही आणि भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास परवानाधारक संस्थांनाही मनाई आहे. कोणी भरतीसाठी पैसे मागितले, की तेथून उठून यावे.

मात्र जहाजावरची नोकरी म्हणजे समुद्राचा सहवास, अशी कल्पना त्याने करून घेऊ नये. इंजिन रूमला खिडकी नसते. माझ्या २२ वर्षांतील बहुतेक समुद्र मी शीतकरणाच्या नळीवरील तापमापकावर पाहिला; आखातात उन्हाळ्यात तो ३३ अंश दाखवी आणि हिवाळ्यात युरोपाच्या उत्तरेला ६ अंश. त्या नोकरीचा फायदा असा की, चार-सहा महिन्यांच्या फेरीनंतर दोन-तीन महिने सलग सुट्टी मिळते, आणि ती सुट्टी किनाऱ्यावरच्या घरात घालवणार असाल तर नौकेला तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. मी किनाऱ्यावर घर केले नाही, ही माझी चूक होती.

म्हणून मला स्वतःला या तरुणासाठी जहाजबांधणी आणि नौका-बांधणीचे क्षेत्र अधिक योग्य वाटते. मुंबईची माझगाव गोदी, वास्कोची गोवा शिपयार्ड, कोचीन शिपयार्ड आणि विशाखापट्टणमची हिंदुस्थान शिपयार्ड ही सर्व ठिकाणे पाण्याच्या काठावरच आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली, १९७५ मध्ये स्थापन झालेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही वर्गीकरण संस्था, म्हणजे जहाजांची बांधणी आणि स्थिती तपासून त्यांचा दर्जा ठरवणारी संस्था, सर्वेक्षणासाठी अभियंते घेते, आणि सर्वेक्षकाला जी नजर येते ती जुनी नौका विकत घेताना लाखमोलाची ठरते. पुढे शिकायचे असेल, तर खरगपूरच्या आयआयटीत १९५२ पासून नौका-स्थापत्याचे, म्हणजे जहाजांचे आराखडे करण्याचे, शिक्षण दिले जाते, चेन्नईच्या आयआयटीत सागरी अभियांत्रिकीचा विभाग आहे आणि २०२२ पासून गेट परीक्षेत नौका-स्थापत्य व सागरी अभियांत्रिकी असा स्वतंत्र पेपरही सुरू झाला आहे. गोव्यातील लहान खासगी नौका-कारखाने पगार कमी देतात. तरीसुद्धा तेथे काढलेली दोन वर्षे मी वाया गेलेली मानणार नाही, कारण फायबरचा साचा, राळेचे प्रमाण, थरांमध्ये राहणारी हवा आणि तिच्यामुळे पुढे येणारे फोड, हे सर्व तेथे हाताने शिकायला मिळते.

गोव्याच्या अशाच एका कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'मधून, वाटेत थांबे घेत, पृथ्वीप्रदक्षिणा केली. यांपैकी एकही नौका चालवणाऱ्याच्या मालकीची नव्हती, नौदलाची होती. दोंदे तर बांधणीच्या काळात गोव्यात राहून त्या कामात सहभागी होते आणि मगच समुद्रावर गेले. त्या तरुणाने नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेचाही विचार करावा, असे मी याच कारणाने म्हणतो. आपण समुद्रापासून दूरचे, हा संकोच त्याने बाळगू नये. नौदलाच्या अभियंत्यांना घडवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था लोणावळ्याच्या डोंगरात आहे. १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी उभी करण्यात पुढाकार घेणारे आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाज-कारखान्याचा पाया घालणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे होते.

पण आज, या क्षणी, नागपुरात राहून त्याने काय करावे? याबद्दल मला सर्वांत अधिक सांगायचे आहे, कारण मी येथील ही वर्षे वाया घालवली. सर्वप्रथम पोहणे पक्के करावे, कपड्यांसह आणि गढूळ पाण्यात. जुलै २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, हे आपण विसरता कामा नये. जीवरक्षक जाकीट अंगात घालून नीट बांधल्याशिवाय त्याने कधीही नावेत पाय ठेवू नये. त्यानंतर एक आठ फुटांची डिंगी, म्हणजे लहान उघडी नाव, स्वतःच्या हाताने बांधावी. आयएस ७१० असे मानक-चिन्ह असलेला मरीन प्लायवूड, तांब्याची तार, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ) आणि काचतंतूची पट्टी एवढ्यावर ती होते. प्लायवूडचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापून तारेने शिवायचे, सांध्यांत इपॉक्सीचा लेप भरायचा, तो वाळला की तारा काढून वरून काचतंतू चिकटवायचा. घराच्या गच्चीवर हिवाळ्याच्या सुट्यांमध्ये हे काम पुरे होते आणि त्याचा खर्च एखाद्या नव्या दुचाकीपेक्षा कमीच येतो. मात्र नागपूरच्या मे महिन्यात इपॉक्सी मिसळू नये. त्या उष्णतेत ते भांड्यातच तापून काही मिनिटांत घट्ट होते.

ही डिंगी रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या जलाशयावर, संबंधित खात्याची परवानगी घेऊन चालवता येईल. तोतलाडोहसारखे व्याघ्र प्रकल्पातील पाणी अर्थातच वर्ज्य. यांत्रिक नौकेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि सर्वेक्षण लागते, म्हणून आरंभी इंजिनाच्या फंदात पडूच नये. वल्ही आणि एक लहान शीड पुरे. आणखी एक गोष्ट त्याने जरूर करावी. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढिवर बांधव डोंगा कसा चालवतात, ते एखादा पूर्ण दिवस त्यांच्याजवळ बसून पाहावे. एका खोडातून कोरलेल्या त्या अरुंद डोंग्यात उभे राहून माणूस जाळे फेकतो, तेव्हा त्याची पावले कोठे असतात आणि जाळे हातातून सुटताना गुडघे किती वाकतात, हे पाहिल्यावर स्थिरतेचे प्रकरण पुस्तकात शोधावे लागत नाही.

पुस्तकातला एक हिशेब मात्र त्याने आताच पाठ करावा. पाणी कापत जाणाऱ्या नौकेची जलरेषेवरील, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील, लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे; येणारा आकडा म्हणजे तिच्या वेगाची व्यवहारातली मर्यादा, ताशी सागरी मैलांत. आमच्या नौकेची जलरेषा २० फूट होती, म्हणजे वेग सुमारे ६ सागरी मैल, ताशी ११ किलोमीटर, सायकलपेक्षाही कमी. नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते आणि त्यापुढे दुप्पट शक्तीचे इंजिन बसवले तरी डिझेलच जळते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड यांनी लाटांच्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. हे येथे लिहिण्याचे कारण असे की, या वेगाने कोठेही जायचे तर सलग दिवस हाती लागतात. ज्याला शनिवार-रविवारच मिळतो, त्याची नौका खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते.

पैशाबद्दल थोडेच सांगतो. हौसेच्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, तेव्हा नव्या नौकेचा विचार सोडून द्यावा आणि लहान, जुनी, सांगाडा शाबूत असलेली नौका शोधावी. तिच्यासाठी कर्ज काढू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील पाच-सहा वर्षे नागपुरात फ्लॅटसाठीही कर्ज काढू नये. त्याच्या आई-वडिलांना हे वाक्य आवडणार नाही, याची मला जाणीव आहे आणि मी त्यांच्याच वयाचा आहे. पण वीस वर्षांचा हप्ता मागे लागला की माणूस हप्ता जेथे भरता येईल तेथेच नोकरी शोधतो, समुद्र असेल तेथे शोधत नाही. मुलाला दरमहा किती मिळते यापेक्षा तो कोणत्या गावी राहतो, हे त्यांनी काही वर्षे महत्त्वाचे मानावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आमची नौका आम्ही २००५ मध्ये विकली. खाडीकाठच्याच एका शिक्षकांनी ती घेतली आणि पुढे बारा वर्षे चालवली. त्यांचा पगार माझ्या तेव्हाच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता. ते रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर नौकेवर जात आणि इंजिन चालू करून पाहत.

त्या तरुणाने आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत मला कळवल्यास नौकेची नोंदवही, डिंगीचा एक आराखडा आणि माझी हत्यारांची पेटी मी त्याला देऊ इच्छितो. पेटीत इपॉक्सीसाठीचे पत्रे, तारेचे पक्कड आणि त्या पंपाचे तुटलेले रबरी चक्र अजून आहे. दिवाळीनंतर थंडी सुरू होते, तेव्हा काम सुरू करायचे असेल तर प्लायवूड त्याआधी आणून सावलीत ठेवावा लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सागरी अभियंता,
नागपूर